वयाने तेरा, संघाने पंधरा

वय ही आपल्याकडे मोजायची गोष्ट नसून सोयीप्रमाणे सांगायची गोष्ट आहे. एके काळी पोराला शाळेत घालायला नेलं, की हेडमास्तर त्याचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का ते बघत आणि लागला, की जन्मतारीख लिहून टाकत : १ जून. त्या एका तारखेला निम्मा महाराष्ट्र जन्माला आला आणि यथावकाश ३१ मे रोजी निवृत्त झाला. त्या दिवशी निरोपसमारंभांना हार पुरत नाहीत, हा आमच्या बँकेतला अनुभव आहे.

तेव्हा, ज्या समाजाने जन्मतारखेला इतकं लवचिक ठेवलं, त्याच्या हाती मुलांचा फुटबॉल लागल्यावर काय होणार? दोन प्रकारचे बाप तयार झाले. पहिल्या प्रकारचा बाप पंधराच्या मुलाला तेराचा करून लहानांत घुसवतो. याला सगळे लबाड म्हणतात, आणि त्याच्यासाठी शास्त्राने बंदोबस्तही केला आहे. आपल्याकडे मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय वाचतात. फिफा तर २००९ पासून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकासाठी मनगटाचा एमआरआय काढते. दाखला खोटं बोलतो, हाड बोलत नाही.

माझं भांडण आहे ते दुसऱ्या प्रकारच्या बापाशी. हा तेराच्या मुलाला पंधराच्या संघात घालतो आणि ते लपवत तर नाहीच, उलट वाढदिवसाच्या केकसारखं घरोघर वाटतो. याला कोणी लबाड म्हणत नाही. याला 'जागरूक पालक' म्हणतात.

आमच्याच सोसायटीत असे एक गृहस्थ आहेत. लिफ्टमध्ये भेटले, की तळमजला ते चौथा मजला एवढ्यात सांगून होतं, "अहो साहेब, आमचा तेराचा आहे, पण खेळतो अंडर फिफ्टीनमध्ये!"

एकदा मी सहज विचारलं, "खेळतो म्हणजे किती वेळ?"

"शेवटची चार मिनिटं. पण लेव्हल बघा ना!"

लेव्हल मी बघितली. एका रविवारी सकाळी मैदानावर गेलो, तर लेव्हल बाकावर बसलेली होती. अंगात गुडघ्यापर्यंत येणारा मोठ्यांचा शर्ट, मांडीवर चौघांच्या पाण्याच्या बाटल्या. पलीकडच्या मैदानावर त्याच्या वयाची मुलं चेंडूमागे धावत होती, आणि हा मान वळवून त्यांचाच सामना बघत होता. आता बसायलाच पाठवायचं, तर आमची बँक काय वाईट होती? तिथे निदान पंखा असतो.

यावर वडील मंडळींची तोफ ठरलेली असते : "पेले!" बरोबर आहे. पेले १९५८ साली सतराव्या वर्षी स्वीडनमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात खेळला आणि त्याने दोन गोल केले. अलीकडचे वडील यमालचं नाव घेतात. तेही खरं. लामिन यमाल २०२४ च्या युरो स्पर्धेत सोळाव्या वर्षी स्पेनकडून खेळला, उपांत्य सामन्यात फ्रान्सवर गोल केला, सतरावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी अंतिम सामना जिंकला. (स्पर्धा चालू असताना तो शाळेचा अभ्यासही करत होता. ही गोष्ट मात्र हे वडील मुलाला फुटबॉलच्या नव्हे, गणिताच्या संदर्भात सांगतात.)

पण फ्रेडी अडूचं नाव कोणी घेत नाही. अमेरिकेत २००४ साली हा मुलगा चौदाव्या वर्षी व्यावसायिक संघातून मोठ्या बाप्यांबरोबर मैदानात उतरला. नवा पेले म्हणून त्याचा गाजावाजा झाला, खुद्द पेलेबरोबर जाहिरातही झाली. पुढे पोर्तुगाल, फ्रान्स, ग्रीस, तुर्कस्तान, ब्राझील, सर्बिया, फिनलंड असा त्याचा प्रवास झाला. प्रवासवर्णनाला उत्तम, पण विश्वचषकात एकही सामना नशिबी आला नाही.

आणि मॅराडोना? १९७७ मध्ये, सोळाव्या वर्षीच, तो अर्जेंटिनाच्या मोठ्या संघातून खेळला होता. १९७८ चा विश्वचषक त्याच्याच देशात होता. पण प्रशिक्षक मेनोत्तींनी त्याला अंतिम यादीतून वगळलं. पोरगा रडला. दुसऱ्याच वर्षी त्याच मेनोत्तींनी त्याला जपानमध्ये वीस वर्षांखालच्या स्पर्धेत, म्हणजे आपल्या वयाच्या मुलांत खेळवलं. संघाने स्पर्धा जिंकली, हा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९८६ साली काय झालं ते सर्वांना ठाऊक आहेच. खाली उतरल्याने मॅराडोनाचं काही बिघडलं नाही. आमच्या चौथ्या मजल्याचं बिघडेल असं का वाटतं?

बरं, हे 'पुढे असलेलं' पोर खरंच पुढे असतं का? वयोगट बहुधा १ जानेवारीला कापतात. म्हणजे २ जानेवारीचा आणि ३० डिसेंबरचा मुलगा एकाच गटात. दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर, आणि त्या वयात वर्ष म्हणजे वीतभर उंची. १९८५ साली कॅनडात रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तर वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांतली गर्दी दिसली. फुटबॉलमध्येही पुढे तेच आढळलं. म्हणजे आपण ज्याला प्रतिभा म्हणून पेढे वाटतो, ती कित्येकदा निव्वळ जानेवारी असते. आणि ज्याला 'दम नाही' म्हणून घरी पाठवतो, तो बिचारा डिसेंबर असतो.

मग वरच्या गटात खेळवूच नये का? तसं माझं मुळीच म्हणणं नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या अकादम्यांनी गेल्या दशकात मुलांना जन्मतारखेऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गटात घालून सामने खेळवून पाहिले. लवकर वाढलेला धिप्पाड मुलगा मोठ्यांत गेला, की त्याचा धक्का चालेना. त्याला डोकं वापरावं लागलं. उशिरा वाढणारा धाकट्यांत आला, की त्याच्या पायातलं कसब पहिल्यांदा दिसलं. म्हणजे वर खेळवणं हे औषध आहे. कोणाला, किती, किती दिवस, हे बघून द्यायचं. आपण त्याचं पदक केलं आणि ते बापाच्या छातीवर लावलं.

औषध जास्त झालं, की काय होतं तेही बघावं. या वयात हाडं भराभर वाढत असतात. गुडघ्याखाली, जिथे स्नायूचा पट्टा नडगीला धरतो, तिथे धावण्याउडण्याच्या ताणाने दुखू लागतं. डॉक्टर विश्रांती सांगतात. पण पंधराच्या संघातला तेराचा मुलगा दुखतंय म्हणणार कसा? लगेच कोणीतरी म्हणेल, "लहान आहे ना अजून!" तो गप्प बसतो. कोचही गप्प बसतात, कारण कित्येकदा पंधराच्या संघाला एक गडी कमी असतो, एवढीच त्या 'प्रतिभेची' गोष्ट असते. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडली, तर आम्ही व्याज कापतो, आणि ते निदान फॉर्मवर आधी छापलेलं असतं. पोराचं बालपण मोडताना कोणाची सही घेतात?

यावर माझ्यासारख्या कारकुनाकडे एक उपाय आहे. आमच्या बँकेत साहेब रजेवर गेले, की कारकुनाला त्यांच्या खुर्चीत बसवतात. त्याला 'ऑफिशिएटिंग' म्हणतात. त्या दिवसांचा भत्ता मिळतो, चार नव्या गोष्टी कळतात, आणि साहेब आले, की कारकून पुन्हा आपल्या काउंटरवर. त्याची बायको शेजारी तोंड लपवत नाही. 'उतरवला' असं कोणी म्हणत नाही. कारण परत येणं त्या व्यवस्थेतच धरलेलं आहे.

मुलांचं असंच करा. मंगळवारी सरावाला मोठ्यांत जाऊ दे, धक्के खाऊ दे, शिकू दे. शनिवारी आपल्या वयाच्या संघात पूर्ण सामना खेळू दे, कप्तानी करू दे. गुडघा कुरकुरला, मन रमेनासं झालं, तर महिनाभर खालीच राहू दे. वर जायच्या जिन्यावर आपण सनई-चौघडा बसवला आहे. खाली यायचा जिना मात्र विटा रचून बंद केला आहे. मुलाचं नुकसान वर चढण्याने होत नाही. परतीची वाट नसल्याने होतं.

तेव्हा, जागरूक पालकहो, पुढच्या वेळी मुलगा पंधराच्या संघातून तेराच्या संघात परत आला, तर लिफ्टमध्ये गप्प उभे राहू नका. तेही तितक्याच जोरात सांगा. आणि मग मैदानावर जाऊन बघा. त्याच्या मांडीवर बाटल्या नसतील, पायात चेंडू असेल.