बर्फ पडला, पण कधी?

फेब्रुवारी सरता सरता काश्मीरमध्ये बर्फ पडला की पांढऱ्या डोंगरांखालच्या दल सरोवराची छायाचित्रे सगळीकडे झळकतात आणि 'हिवाळ्याची तूट भरून निघाली' असा निर्वाळा दिला जातो. हा निर्वाळा घाईचा आहे. काश्मिरी लोकांनी हिवाळ्याचे तीन भाग उगीच पाडलेले नाहीत. २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा कडाक्याचा 'चिल्लई कलां', मग २० दिवसांचा 'चिल्लई खुर्द' आणि शेवटी १० दिवसांचा 'चिल्लई बच्चा'. पहिल्या चाळीस दिवसांतला बर्फ थरावर थर बसून घट्ट होतो आणि उंचावर उन्हाळ्यापर्यंत टिकतो. चिल्लई बच्चातला बर्फ ओला, जड असतो; खोऱ्यात तर ऊन वर आले की तो टिनाच्या छपरांवरून ठिबकू लागतो.

अलीकडचे दोन हिवाळे पाहा. जानेवारी २०२४मध्ये गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. बर्फ आला तो महिना संपताना आणि पुढे फेब्रुवारीत. २०२५मध्ये 'खेलो इंडिया'च्या गुलमर्गमधील हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. त्याच फेब्रुवारीत अनंतनाग जिल्ह्यातल्या अचबलच्या मुघल बागेतला झरा आटला. महिनाअखेरीस मोठी बर्फवृष्टी झाली. पर्यटक सुखावले, त्यात आपल्याकडचेही असणारच. पण गेलेला जानेवारी त्यामुळे परत आला नाही.

यावर कोणी म्हणेल, पाणी ते पाणी; उशिरा आले म्हणून काय बिघडले? मोठा साठा करणारी धरणे असती तर हा युक्तिवाद चालला असता. पण उरी, सलाल, बगलिहार हे जम्मू-काश्मीरमधले जलविद्युत प्रकल्प मुख्यतः वाहत्या पाण्यावर चालतात. मोठा साठा त्यांच्यापाशी नाही. काश्मीरचे खरे धरण म्हणजे डोंगरावरचा बर्फच. तो मार्च-एप्रिलमध्ये वाहून गेला, तर जूनमधल्या भाताच्या लावणीला पाट कोरडे राहतात. जुलै कोरडा गेल्यावर सप्टेंबरच्या पावसाने सरासरी गाठली, तरी जळालेले सोयाबीन उभे राहत नाही, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. काश्मीरच्या बदामाचेही तेच. फेब्रुवारीतल्या अवेळीच्या उबेने कळ्या लवकर फुटल्या की नंतरची थंडी मोहोरच मारते.

कोरडे हिवाळे पूर्वीही येत, हा दुसरा आक्षेप खरा आहे. हिवाळ्यात बर्फ आणणारे पश्चिमी झंझावात भूमध्य समुद्राकडून येतात आणि त्यांचा लहरीपणा जुनाच आहे. मात्र तापमान वाढले की तोच झंझावात खालच्या उंचीवर बर्फाऐवजी पाऊस पाडतो आणि पडलेला बर्फही लवकर वितळतो; ही भर लहरीपणाच्या खात्यावर टाकता येणार नाही. म्हणून फेब्रुवारीअखेर पाऊस-बर्फाची मिलिमीटरमधली बेरीज सांगताना, डोंगरावर साठलेल्या बर्फात प्रत्यक्ष किती पाणी शिल्लक आहे, हा आकडाही सरकारने दरवर्षी ठळकपणे जाहीर करावा. भात लावायचा की कमी पाण्याचे पीक घ्यायचे, हे शेतकऱ्याला त्यावरूनच ठरवता येईल.