जातं फिरतंय, आजी कुठंय?

मंडळी, पहिल्या पगाराची प्रत्येकाची एक गोष्ट असते. कुणी आईला साडी घेतं, कुणी स्वतःला घड्याळ. मी जरा धीर धरला आणि २००७ साली तिसऱ्या पगारात ५.१ स्पीकरचा सेट घेतला. पाच छोटे डबे, एक ढोलकीएवढा सबवूफर आणि वायरींचं असं जंजाळ, की पुण्यातल्या आमच्या वन रूम किचनमध्ये चालायचं कसं हाच प्रश्न पडला. रूममेट म्हणाला, "आता दारात तिकीटखिडकी तेवढी उघड."

पिक्चर लावला की जाम धमाल. हेलिकॉप्टर डोक्यावरून जायचं, पाऊस मागून यायचा. पण एखादं साधं गाणं लावलं की मूड ऑफ. पुढचे दोन वाजायचे, मधला आणि मागचे दोन ढिम्म. सबवूफर मनात आलं तर. आता तुम्हीच सांगा, पैसे सहा स्पीकरचे मोजले आणि वाजतात दोन, म्हणजे फसवणूकच नाही का? मला तसंच वाटलं. मग काय, सेटिंगमध्ये जाऊन दिसेल त्या चौकटीत टिकमार्क करण्याचा उद्योग सुरू झाला.

ही सगळी जुनी गोष्ट आज काढायचं कारण म्हणजे यंदाची दिवाळी. तोच सेट, तोच टिकमार्कचा उद्योग, फक्त जागा बदलली. पुण्यात फ्लॅट झाला, भिंतीवर टीव्ही आणि त्याखाली साउंडबार आला, आणि माझा म्हातारा सेट गेला गावी. गाव म्हणजे सोनाळा. बुलढाणा जिल्ह्यातला संग्रामपूर तालुका, सातपुड्याच्या पायथ्याशी. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं शेगावला उतरायचं आणि तिथून रस्त्यानं उत्तरेकडे, डोंगर दिसेपर्यंत.

गाण्यात दोनच असतात, बॉस

गावची गोष्ट सांगण्याआधी थोडा टेक्निकल फंडा. घाबरू नका, दोन मिनिटांत संपेल.

आपण ऐकतो त्यातली बहुतेक गाणी स्टिरिओ असतात. म्हणजे त्यात दोनच वाटा: डावी आणि उजवी. ही आयडिया अॅलन ब्लूमलीन नावाच्या इंग्रज इंजिनीअरची. त्याचं पेटंट १९३१ सालचं. गंमत अशी, की गायिकेचा आवाज दोन्ही वाटांवर सारखाच ठेवला, तर तो डाव्या किंवा उजव्या डब्यातून येतोय असं वाटतच नाही. तो दोघांच्या बरोब्बर मध्ये, रिकाम्या हवेतून येतो. तिथं स्पीकर नसतो, तरी बाई तिथंच उभी असते. कान आणि मेंदू मिळून केलेली ही जादू आहे, आणि तिला दोन डबे पुरतात.

त्यामुळे कम्प्युटर दोनच स्पीकर वाजवतो तेव्हा तो बिघडलेला नसतो, प्रामाणिक असतो. फाइलमध्ये दोन वाटा आहेत, तो दोन वाजवतो. उरलेल्या डब्यांत काय पाठवायचं हे गाण्यात लिहिलेलंच नाही.

तरी सगळे वाजवायचेच असतील, तर दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे सरळ कॉपी. पुढे जे वाजतंय तेच मागे. विंडोजमध्ये व्हिस्टापासून याला 'स्पीकर फिल' म्हणतात. ड्रायव्हरप्रमाणे तो पर्याय कधी विंडोजच्या 'एन्हान्समेंट्स'मध्ये सापडतो, कधी साउंड कार्डच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि काही मशीनवर सापडतच नाही. पार्टीला हे झकास. माणसं घरभर फिरत असतात, कुठंही उभं राहिलं तरी गाणं ऐकू येतं.

दुसरा रस्ता हुशारीचा: अपमिक्स. यात सॉफ्टवेअर दोन्ही वाटांची तुलना करतं. दोन्हीकडे जे सारखं आहे, म्हणजे बहुतेक वेळा गाणाऱ्याचा आवाज, ते उचलून मधल्या स्पीकरला देतं. दोन्हीकडे जे वेगवेगळं आहे, म्हणजे हॉलचा घुमार, टाळ्या, तंतुवाद्यांचा पसारा, ते मागे पाठवतं. खोलवरचा आवाज सबवूफरला. डॉल्बीचं प्रो लॉजिक १९८७ चं, त्याचं सुधारलेलं रूप प्रो लॉजिक टू २००० चं. मूळ तत्त्व हेच. आता कितीतरी प्लेअरमध्ये असा काहीतरी पर्याय असतो.

थोडक्यात, अपमिक्स गाण्यात नवीन काही घालत नाही. आहे त्याची वाटणी करतो. आणि वाटणीत कुणाच्या वाट्याला काय येतं, यावरून घराघरांत काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

आणि मग दिवाळी

आमच्या घरी एक कॅसेट होती. १९८९ साली बाबांनी साध्या मोनो टेपरेकॉर्डरवर भरलेली. गावात पिठाची चक्की कधीच आली होती, पण आजी दिवाळीच्या आधी एक दिवस हौसेनं जातं मांडायची. पहाटे, अंधार असताना. बाबांनी रेकॉर्डर शेजारी ठेवला आणि बटण दाबलं. अकरा मिनिटं. आजीच्या ओव्या, जात्याची घरघर, मध्येच एक कोंबडा.

२००८ मध्ये मी ती कॅसेट पुण्याला नेऊन कम्प्युटरवर उतरवली. एकदा उतरली आणि दुसऱ्यांदा लावताना डेकनं टेप खाल्ली. म्हणजे आजी आता फक्त त्या एका फाइलमध्ये. (हो, बॅकअप नव्हता. बोला आता.)

यंदा भाऊबीजेला आत्या आली. पंचाहत्तरी पार केलेली, गुडघे दुखतात, पण भाऊबीज चुकवत नाही. जेवणं झाली आणि ती म्हणाली, "माह्या मायचा आवाज आयकव ना रे एकडाव."

चुलतभावानं सेटवरचं कापड काढलं. गणपतीनंतर तो लावलाच नव्हता. प्लेअर उघडला, फाइल लावली. सगळे सतरंजीवर बसले. बाबांनी पंखा बंद केला.

मागच्या दोन डब्यांतून बारीक सूं... खालून सबवूफरमधून घरघर. अगदी स्पष्ट, दगडावर दगड. आणि बस्स. ओवी नाही, आवाज नाही. एक मिनिट, दोन मिनिटं.

आत्या म्हणाली, "जातं तं फिरून राह्यलं. माय कुठी गेली?"

खरं सांगतो, पोटात गोळा आला. भाऊ म्हणाला फाइल करप्ट झाली असेल. बाबा काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. मी झटकन इअरफोन काढले आणि कम्प्युटरच्या मागच्या हिरव्या भोकात घातले. तिथंही तेच! आजी गायब. आत्यानं विचारलं, "तू पुण्याले कम्प्युटरचंच काम करतं ना?" उत्तर काय देणार?

शेवटी फाइल मोबाइलवर घेतली आणि लावली. त्या चिमुकल्या स्पीकरमधून आजी खणखणीत गायला लागली.

म्हणजे फाइल शाबूत होती. मग सेटमध्ये आजी गेली कुठं?

उंदराचं काम

आता मघाचा फंडा आठवा. मोनो रेकॉर्डिंग म्हणजे आवाजाची एकच वाट. कम्प्युटरवर उतरवताना तीच डावीकडे आणि तीच उजवीकडे गेली. दोन्ही बाजू सारख्या. प्लेअरमध्ये भावानं सिनेमाच्या गाण्यांसाठी अपमिक्स चालू करून ठेवला होता. त्यानं तुलना केली आणि निकाल दिला: सारखं आहे, सगळं मधल्या स्पीकरला. दोन्ही बाजूंना वेगळं काय होतं? फक्त टेपची खरखर. ती गेली मागे. जात्याचा खर्ज गेला सबवूफरला. डाव्या-उजव्याच्या वाट्याला जवळजवळ शून्य. आणि हिरव्या भोकात फक्त पुढचे डावे-उजवेच असतात, म्हणून इअरफोनमध्येही आजी नव्हती.

मग मधला स्पीकर गप का? साउंडच्या सेटिंगमध्ये एकेक स्पीकर वाजवून बघायची टेस्ट असते. ती लावली. पुढचा डावा टिंग, उजवा टिंग, मागचे दोन्ही टिंग, मधला मुका. कपाटामागे टॉर्च मारला. सबवूफरपासून मधल्या डब्याकडे जाणारी वायर उंदरानं नीट मधोमध कुरतडली होती.

हसू आलं आणि घामही पुसला. सहा स्पीकरच्या त्या थाटात आमची आजी एका वायरीवर लटकली होती.

पहिलं काम म्हणजे अपमिक्स बंद. लगेच पुढच्या दोन डब्यांतून आजी आली, आणि दोघांच्या मध्ये, हवेत येऊन बसली. आत्या भिंतीला टेकून बसली होती, ती पुढे सरकली.

मग भाऊ हौसेला पेटला. त्यानं वायर सोलून जोडली, टेप मारला आणि म्हणाला, आता सगळीकडून वाजवू. स्पीकर फिल चालू. पाची डबे, पाची ठिकाणांहून आजी. आत्यानं मान हलवली. "अशी चारी बाजूनं कशी दळन ते? एका जाग्यावर बसे ना ते, खिडकीपाशी."

इथं आत्यानं जे सांगितलं ते साउंडवाले आकड्यांत सांगतात. आवाज एका सेकंदात साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे प्रत्येक मीटरला तीन मिलिसेकंद. पाच डबे पाच वेगळ्या अंतरांवर असतील, तर एकच आवाज पाच वेळांना कानावर येतो. मेंदूला कळत नाही की माणूस नक्की कुठं बसलाय. मागचे डबे कानाजवळ असतील, तर गाणारी चक्क पाठीमागे जाऊन बसते.

मग पुन्हा अपमिक्स लावला, या वेळी मधल्या डब्याची वायर धड असताना. आणि आजी एका जागी आली. एकाच डब्यातून, जशी १९८९ ला एकाच माइकसमोर होती तशी. म्हणजे कम्प्युटरनं पहिल्यापासून तिला बरोबर जागी बसवलं होतं. पाट मांडला होता, फक्त वाट तुटली होती. मागच्या खरखरीला मी कात्री लावली, मागचे दोन डबे बंद केले. आत्या म्हणाली, "राहू दे आता. हात नको लावू."

अकरा मिनिटं कुणी हललं नाही. कोंबडा ओरडला तेव्हा बाबा हसले.

तुमच्या टेबलासाठी

तुमच्याकडेही असा जुना सेट कपाटावर पडला असेल, तर एवढं कराच.

• *आधी वायरी.* हिरवी पुढच्या दोघांची, काळी मागच्यांची, केशरी मधला आणि सबवूफर यांची. कम्प्युटरला तीनच भोकं असतील, तर सहसा सॉफ्टवेअरमध्ये ५.१ निवडल्यावर निळं भोक मागच्यांचं होतं आणि गुलाबी मधल्याचं.

• *मग टेस्ट.* एकेक स्पीकर वाजवून बघा. गाण्यावरून अंदाज बांधू नका, आम्ही बांधला होता.

• *जागा.* ऐकणाऱ्याच्या नाकासमोर मधला, दोन्ही बाजूंना ३० अंशांवर पुढचे, आणि मागचे साधारण ११० अंशांवर, म्हणजे अगदी पाठीमागे नाही, कानांच्या किंचित मागे. मागच्यांचा आवाज आहे असं कळायला लागलं, की समजा थोडा जास्त झाला.

• *गाण्याप्रमाणे सेटिंग.* निवांत बसून ऐकायची स्टिरिओ गाणी असतील, तर पुढचे दोन आणि सबवूफर. लाइव्ह कॉन्सर्ट असेल, तर अपमिक्स करून बघा, टाळ्या मागून येतात तेव्हा मजा येते. पार्टी असेल, तर कॉपी. जुनी मोनो गाणी असतील, तर एक चांगला डबा बास.

• *ऑप्टिकल केबलवाल्यांनो,* त्या केबलमधून साधा आवाज दोनच वाटांनी जातो. सहा वाटा हव्या असतील, तर आवाज डॉल्बी डिजिटलसारख्या रूपात दाबून पाठवावा लागतो. म्हणून गेम त्यातून स्टिरिओच येतो, केबल खराब नसते.

आणि एक काम सेटिंगच्या बाहेरचं. घरातल्या कॅसेट शोधा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी आज 'परी'च्या संग्रहात ऐकायला मिळतात. पण तुमच्या आजीची कॅसेट कुणी दुसरं येऊन उतरवणार नाही. उतरवा, आणि तीन ठिकाणी ठेवा. मी आता ठेवलीय: पुण्याच्या कम्प्युटरवर, भावाकडच्या पेन ड्राइव्हवर आणि आत्याच्या मोबाइलमध्ये.

आत्या निघाली तेव्हा मी तिला बसमध्ये बसवायला गेलो. खिडकीतून म्हणाली, "पुढच्या साली येईन तवा वायर पाहून ठेवजो."

ठेवतो, आत्या. कपाटामागे पिंजराही लावलाय.