मायनर विषय आणि मुख्य प्रश्न

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात मेजर-मायनर ही रचना स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. तेव्हापासून आम्हां प्राध्यापकांमध्ये मायनरची चर्चा एकाच अंगाने होते : कोणत्या विषयाला विद्यार्थी मिळतील आणि कोणाचा कार्यभार टिकेल? वंश, वांशिकता आणि आंतरसांस्कृतिक सामंजस्य हा परदेशी विद्यापीठांत रुळलेला विषय बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांतून मायनर म्हणून का शिकवू नये, असे विचारले की तीन आक्षेप ठरलेले असतात. वंश हा गोऱ्या-काळ्यांचा प्रश्न आहे, तो आपला नव्हे. वर्गात जात काढली की मने दुखावतात. आणि या विषयाने नोकरी मिळत नाही. हे तिन्ही आक्षेप तपासून पाहिले पाहिजेत.

पहिला आक्षेप अर्धा खरा आहे. जात म्हणजे वंश नव्हे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये निक्षून मांडले. परंतु त्याच आंबेडकरांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लोकांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची प्रत मागितली. त्याआधी १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' हे नाव घेतले गेले तेही ब्लॅक पँथर डोळ्यांसमोर ठेवून. म्हणजे हा विषय बाहेरून आणावयाचा नाही. मराठी विचाराने तो दीडशे वर्षांपूर्वीच हाती घेतला होता. अभ्यासक्रमाने तो खाली ठेवला. साम्य कोठे संपते आणि भेद कोठे सुरू होतो, हे शिकविणे हाच तर अभ्यास! भेद आहे म्हणून विषयच नको, हा कोणता न्याय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो सद्भावनेच्या भाषेत येतो. मने दुखावतील, हे खरे. पण कोणाची? गळीत हंगाम आला की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांसाठी बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणून मोजणारी भाषा हीदेखील मराठीच आहे. उसाच्या फडाजवळच्या कोप्यांत सहा-सहा महिने राहणारी ही माणसे कोणत्या जातींची, त्यांची बोली कोणती, त्यांच्या मुलांच्या शाळेचे काय होते, हे पदवीधराला ठाऊक नसते. तो वर्णद्वेषावर दहा गुणांचे उत्तर मात्र बिनचूक लिहितो. दूरचा अन्याय कोणालाच दुखावत नाही, म्हणूनच तो शिकविणे सोपे जाते.

आणि येथे आम्हां मराठीच्या प्राध्यापकांनाही जाब द्यावा लागेल. नीरेपलीकडच्या फलटण तालुक्यातील लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली. दोहोंना साहित्य अकादमी पुरस्कार लाभले. आम्ही त्यांचे काय केले? 'प्रवाह' म्हणून एक घटक नेमला आणि 'वैशिष्ट्ये सांगा' असा प्रश्न विचारला. 'उचल्या' वाचताना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची पाने उघडली जात नाहीत. इंदापूरला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात, खुद्द सोलापुरात, या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवणारी वसाहत होती, हे सांगितले जात नाही. जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरविणारा तो कायदा १९५२ साली रद्द झाला; पारध्याकडे पाहणारी नजर रद्द झाली का? हा प्रश्न वाङ्मयप्रकाराच्या चौकटीत मावत नाही. त्याला इतिहास, कायदा, समाजशास्त्र आणि साहित्य एकत्र आणणारा अभ्यासक्रमच हवा.

राहिला नोकरीचा मुद्दा. आमचा विद्यार्थी उद्या शिक्षक, तलाठी, पोलीस किंवा बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत परप्रांतीय कामगारांवरचा पर्यवेक्षक होणार आहे. ज्यांच्या नोंदी तो करणार, ज्यांच्या तक्रारी तो ऐकणार, त्यांना समजून घेणे हे त्या नोकरीचे अंग नव्हे काय?

एक इशारा मात्र द्यावयास हवा. 'सामंजस्य' या गोड शब्दाखाली खाद्यमहोत्सव, पारंपरिक वेशभूषा दिन आणि प्रकल्पवहीतील छायाचित्रे एवढेच उरणार असेल, तर हा मायनर न आलेलाच बरा. सामंजस्याच्या आधी विषमता कोणी निर्माण केली, तिचा लाभ कोणाला झाला, हे विचारावे लागते. त्या लाभार्थ्यांत ऊस पिकविणारा आपला परिसर आहे, त्या उसावर उभ्या राहिलेल्या संस्था आहेत आणि आपण पगारदार प्राध्यापकही आहोत. विषय टाळण्याचे चौथे आणि बहुधा खरे कारण हेच असावे. अभ्यास मंडळांच्या पुढील बैठकीत ते कोणीतरी उघडपणे मांडावे, आणि मग या विषयाचे श्रेयांक ठरवावेत.