विश्लेषण : ग्रह की ताऱ्यावरचा डाग? फरक कसा ओळखतात?

‘दुसरी पृथ्वी सापडली’ अशा बातम्या मोबाइलवर वरचेवर झळकतात. काही वर्षांनी त्यातला एखादा ग्रह नव्हताच, असे निष्पन्न होते. सुमारे ६ प्रकाशवर्षांवरच्या बर्नार्डच्या ताऱ्याबाबत हेच घडले.

ग्रह कसा शोधतात?
ग्रहाच्या ओढीने ताराही किंचित डुलतो. तो आपल्याकडे येताना त्याचा प्रकाश वर्णपटात निळ्या बाजूला, दूर जाताना तांबड्या बाजूला सरकतो. त्यावरून वेग मोजतात. या ताऱ्याचा वेग २३३ दिवसांच्या लयीत सेकंदाला सुमारे १.२ मीटरने, म्हणजे आपल्या चालण्याच्या गतीइतका, बदलताना आढळला. त्यामुळे तेथे पृथ्वीच्या तिपटीहून अधिक वस्तुमानाचा ग्रह असावा, असे २०१८ मध्ये जाहीर झाले.

मग चूक कुठे झाली?
सूर्यासारखे डाग इतर ताऱ्यांवरही असतात. तारा स्वतःभोवती फिरताना त्याची एक कड आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते. एका कडेवर डाग आला की तिकडचा प्रकाश घटतो आणि तारा न डुलताही डुलल्यासारखा भासतो. बर्नार्डचा तारा सुमारे १४५ दिवसांत स्वतःभोवती फिरतो. तो वर्षभर सलग पाहता येत नाही. नोंदींत दरवर्षी पडणाऱ्या या खंडामुळे डागांचीच लय २३३ दिवसांची भासली, असे २०२१ च्या अभ्यासात दिसले.

फरक कसा ओळखतात?
ग्रहाची लय वर्षानुवर्षे तीच राहते; डाग उमटतात आणि विरतात. ग्रहाचा परिणाम सर्व रंगांत सारखा असतो. डागांचा इन्फ्रारेडमध्ये सहसा कमी होतो. शिवाय वर्णपटातील कॅल्शियम आणि हायड्रोजनच्या रेषांवरून ताऱ्याची चुंबकीय सक्रियता कळते. तिची लय ‘ग्रहा’च्या लयीशी जुळली, तर संशय बळावतो.

आता तेथे ग्रह आहेत का?
आहेत, पण वेगळे. २०२४ मध्ये चिलीतील ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’वरील ‘एस्प्रेसो’ उपकरणाने ३.१५ दिवसांत प्रदक्षिणा घालणारा ग्रह टिपला. २०२५ मध्ये हवाईतील ‘मरून-एक्स’च्या नोंदींची जोड मिळून चार छोटे ग्रह निश्चित झाले. वेगवेगळ्या उपकरणांत तीच लय दिसल्याने हा दावा भक्कम ठरतो.

हे का महत्त्वाचे?
पृथ्वीमुळे सूर्याचा वेग सेकंदाला जेमतेम ९ सेंटिमीटरने बदलतो. डागांचा गोंधळ याहून कितीतरी मोठा असू शकतो. त्यामुळे ‘दुसरी पृथ्वी’ शोधण्याआधी तिचा तारा ओळखावा लागेल. पुढच्या वेळी असा मथळा दिसला, तर लय किती वर्षे टिकली आणि दुसऱ्या उपकरणाने ती पाहिली का, हे आधी तपासा.