पस्तीस मिनिटांचा हंगाम

माझ्या धाकट्या बहिणीची नात अमेरिकेत मिनेसोटा राज्यात शिकते. दर रविवारी सकाळी आमचं बोलणं होतं, तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असते. मागच्या हिवाळ्यात एकदा तिचा आवाज घोगरा येत होता. मला वाटलं, थंडी बाधली असेल. सुंठ-गूळ घे म्हणून सांगायला लागले, तर म्हणाली, "अगं आजी, ओरडून ओरडून घसा बसलाय. आमच्या कॉलेजच्या मुलींची मॅच होती." कसली मॅच? तर बर्फावरच्या हॉकीची.

आता शिरपूरच्या माणसाला बर्फ म्हणजे रसवंतीवरची लादी नाहीतर गोळेवाल्याचा गोळा. मे महिन्यात इथं पारा ४५च्या घरात जातो. त्यामुळे त्या पोरी पायात धारदार पात्यांचे बूट घालून बर्फावर धावतात, चेंडूऐवजी रबराची चकती असते, आणि वीस-वीस मिनिटांचे तीन भाग खेळतात, हे सगळं मी गोष्ट ऐकावी तसं ऐकलं. मग सहज विचारलं, "आता पुढची कधी?"

"पुढच्या शुक्रवारी. मग शनिवारी."

"आणि त्यानंतर?"

"त्याच्या पुढच्या आठवड्यात. मार्चपर्यंत चालतं आजी. सप्टेंबरअखेर सुरू झालंय."

"पण मध्येच हरल्या तर?"

ती क्षणभर गप्प झाली. तिला प्रश्नच कळला नव्हता. म्हणाली, "हरल्या तर काय? पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळायचं."

मंडळी, या एका वाक्यानं मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण आमच्याकडे हरलं की घरी जायचं असतं.

आमच्या शेजारची मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कबड्डी खेळते. (कॉलेज कुठलं ते सांगत नाही. नाव घेऊन उपयोग नाही, कारण कुठल्याही कॉलेजची हीच तऱ्हा.) स्पर्धेच्या आठ दिवस आधी नोटीस लागली, बारा मुली गोळा केल्या, त्यातल्या चौघींनी शाळा सुटल्यापासून मैदान पाहिलेलं नव्हतं. सकाळच्या एसटीनं गेल्या, अकराच्या सुमाराला खेळल्या, तीन गुणांनी हरल्या, आणि दुपारच्या चहाला पोरगी आमच्या ओट्यावर येऊन बसली. "झालं आजी आमचं," म्हणाली. "आता पुढच्या वर्षी."

मी १९७१ साली नेमकी अशीच परत आले होते. तेव्हा आमची कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती, जळगावचं विद्यापीठ व्हायला १९९० साल उजाडावं लागलं. आम्हीही आठ दिवसांत गोळा केलेल्या बाराजणी. दोन घट्ट वेण्या, कमरेला ओढणी बांधलेली, आणि सोबत डब्यात दशम्या. मुलींचा डाव पंधरा मिनिटांचा, मग पाच मिनिटं विश्रांती, मग पुन्हा पंधरा मिनिटं. चार गुणांनी हरलो. दशम्या परतीच्या एसटीत खाल्ल्या. पुढच्या वर्षी एकीचं लग्न झालं, दोघींच्या घरून परवानगी मिळाली नाही, संघच झाला नाही. म्हणजे माझी एकूण क्रीडा कारकीर्द पस्तीस मिनिटांची, आणि त्यातली पाच विश्रांतीची!

पन्नासहून जास्त वर्षं मध्ये गेली. विद्यापीठ बदललं, २०१८ साली त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं, कॉलेजं दुपटीनं-तिपटीनं वाढली, मैदानांना कुंपणं आली. मुलींचा हंगाम मात्र पस्तीस मिनिटांचाच राहिला.

आता गणित मांडते. (मी मराठी शिकवायची, पण एवढं गणित येतं.) सोळा संघांची बाद पद्धतीची स्पर्धा घ्या. पहिल्याच फेरीत आठ संघ घरी जातात. निम्म्या मुलींचं वर्ष एका सामन्यात संपतं. पूर्ण स्पर्धेत सामने होतात पंधरा. आता सहाच कॉलेजं घ्या आणि प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं ठरवा, एकदा आपल्या गावात, एकदा त्यांच्या गावात. सामने होतात तीस. प्रत्येक संघाला दहा सामने मिळतात, मग तो पहिला येवो की शेवटचा. सोळा कॉलेजांच्या स्पर्धेतून जेवढा खेळ निघतो, त्याच्या दुप्पट सहा कॉलेजांतून निघतो. हे शाळेतल्या पोरालाही कळेल, पण क्रीडा समित्यांना अजून सुचलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, अमेरिकेची बरोबरी करता? तिथे पैसा आहे. आहेच. त्या मिनेसोटा विद्यापीठात मुलींच्या हॉकीसाठी २००२ साली स्वतंत्र बंदिस्त मैदान बांधलं, रिडर अरीना त्याचं नाव. पण हे आभाळातून पडलेलं नाही. अमेरिकेत १९७२ साली कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री म्हणून कुणाला वगळता येणार नाही. त्या कलमात खेळ हा शब्दसुद्धा नाही! तरी मुली आणि त्यांचे पालक कोर्टापर्यंत भांडत राहिले. बर्फावरच्या हॉकीची विद्यापीठांची राष्ट्रीय स्पर्धा मुलींना मिळाली ती २००१ साली, म्हणजे कायद्यानंतर २९ वर्षांनी. तेव्हा त्यांनाही कुणी ताटात वाढून दिलेलं नाही.

आणि मला त्यांच्याकडचा बर्फ नकोच आहे. मला त्यांचं वेळापत्रक हवं आहे. मिनेसोटाच्या मुली २०१२-१३च्या हंगामात ४१ सामने खेळल्या आणि ४१ जिंकल्या. सगळे या ४१ विजयांचं कौतुक करतात. मला त्यापेक्षा पुढची गोष्ट मोलाची वाटते. सलग ६२ सामने जिंकल्यावर नोव्हेंबर २०१३मध्ये त्या नॉर्थ डकोटाकडून हरल्या. आमच्याकडे असत्या तर त्याच दिवशी बॅगा भरून घरी. त्या खेळत राहिल्या, मार्च २०१४मध्ये पुन्हा अंतिम सामन्यात पोचल्या, आणि तिथं क्लार्कसन विद्यापीठाकडून ५-४ अशा हरल्या. हरल्यानंतरचे चार महिने त्यांना मिळाले, ते माझ्या शेजारच्या पोरीला कधी मिळणार? कुठं चुकलं, पकड कुणाची सुटली, चढाईला कुणी उशीर केला, हे तिला कळलं आहे. ते दुरुस्त करून दाखवायला तिला अख्खं वर्ष थांबायचं आहे, आणि मुलींच्या आयुष्यात पुढचं वर्ष ही फार बेभरवशाची गोष्ट असते.

हे मी उगाच म्हणत नाही. शाळेत असताना मुलींच्या संघाबरोबर एखादी बाई पाहिजे म्हणून दरवर्षी मलाच पाठवायचे. एका वर्षी बोराडीकडच्या पाड्यावरची एक पावरा मुलगी संघात होती. सातपुड्यात वाढलेली, दम असा की समोरच्या सातजणी थकायच्या, ही नाही. पहिल्याच सामन्यात आम्ही बाद झालो. बाकीच्या रडल्या, ही रडली नाही. ग्राउंडवरची माती झटकत मला विचारलं, "बाई, आता परत कधी?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी." पुढच्या जूनमध्ये ती शाळेत आलीच नाही. तिचं उत्तर माझ्याकडे राहून गेलं आहे.

आता आक्षेपांकडे वळते, कारण या विषयावर तोंड उघडलं की ते पाठ केल्यासारखे येतात.

पैसा नाही म्हणतात. कबड्डीला काय लागतं? मोकळं मैदान, फक्की, एक शिट्टी. दोन्हीकडचे क्रीडा शिक्षक पंच व्हायला आहेत. राहिला प्रवास. शिंदखेडा, अमळनेर, चोपडा, शहादा, धुळे, ही काही परदेशं नाहीत, सकाळी निघून संध्याकाळी परत यायची गावं आहेत. आणि मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. गॅदरिंगच्या मंडपावर होणारा खर्च काढून बघा, मग बोलू.

परीक्षा आणि सेमिस्टर म्हणतात. शनिवारी खेळा की. तिकडच्या मुलींनाही अभ्यास चुकलेला नाही. ठरावीक गुण मिळवल्याशिवाय मैदानात उतरू देत नाहीत, आणि हंगामात आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त सराव घ्यायला बंदी आहे. आमच्याकडे बंदी घालण्याइतका सराव झाला तर मी पेढे वाटीन.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. आईबाप पाठवत नाहीत. किती घरांच्या ओट्यावर बसून मी ते ऐकलं आहे. "पोर खेयीसन काय करी, बाई?" असं विचारणारी आई वाईट नसते. तिनं आपली मुलगी खेळताना कधी पाहिलेलीच नसते. कशी पाहणार? स्पर्धा नेहमी दुसऱ्या गावाला. पोर पहाटे जाते, अंधार पडता परत येते, गुडघा सोललेला असतो, आणि हरून आलेली असते. त्या आईच्या दृष्टीनं खेळ म्हणजे एवढंच. चुलतभावाच्या क्रिकेटच्या मॅचला अख्खी गल्ली जमते, कारण ती गल्लीमागच्या पटांगणात होते. मुलीचा सामना गावात झाला, दुपारी चार वाजता, आणि आई डोक्यावर पदर घेऊन मैदानाच्या कडेला उभी राहिली, पोरीनं एका चढाईत दोघींना बाद करून मध्यरेषा गाठली, तर पुढच्या वेळी परवानगी मागायला मला त्या ओट्यावर जावं लागणार नाही. गावातला सामना ही चैन नाही, पालकांच्या परवानगीवरचा तो सगळ्यात स्वस्त उपाय आहे. मला कुणी दुसरा दाखवावा.

काही भाचे-पुतणे म्हणतील, मावशी, आता मुलींच्या लीग आल्यात की! आल्यात, उशिरा का होईना. पुरुषांची आयपीएल २००८ची, मुलींची डब्ल्यूपीएल २०२३ची. पुरुषांची प्रो कबड्डी २०१४पासून सुरू आहे. मुलींसाठी २०१६ साली विमेन्स कबड्डी चॅलेंज काढली, संघ फक्त तीन, आणि ती त्या एका हंगामात आटोपली. त्यातल्या एका संघाचं नाव होतं आईस दिवाज. बर्फाशी आमच्या मुलींचा संबंध आला तो एवढाच! २०२२ साली पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खो सुरू झाली, तीही फक्त पुरुषांची. आणि जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला तेव्हा महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. लीग नसताना.

त्याआधी २०१२ साली पाटण्याला महिला कबड्डीचा विश्वचषक जिंकल्यावर महाराष्ट्र सरकारनं संघातल्या आपल्या तिघींना प्रत्येकी एक कोटी रुपये दिले होते. चांगलंच केलं, पोरींनी मिळवलं होतं ते. पण जिंकून आल्यावर कोटी आणि जिंकायला शिकताना एसटीचं भाडंही नाही, ही रीत कुठली? पीक आल्यावर हार घालायचा आणि पेरणीला बियाणं द्यायचं नाही, असं आमच्या खान्देशातला कोणताही शेतकरी करणार नाही. हा तर नाले खोल करून, सिमेंटचे बंधारे घालून पावसाचं पाणी अडवणारा तालुका आहे. सुरेश खानापूरकरांचा शिरपूर पॅटर्न पाहायला लोक लांबून आले. डोळ्यांदेखत वाहून जाणारं कसं थांबवायचं हे आम्हाला शिकवायला नको.

जाता जाता लडाखच्या मुलींबद्दल सांगायलाच हवं, कारण बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या आपल्या देशाच्या संघातल्या बहुतेक जणी तिथल्या. त्यांचं मैदान म्हणजे थंडीत गोठलेलं तळं. काही आठवडे टिकतं, मग विरघळतं. २०१६ साली त्या पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तिकडे जायला लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली. २०१७मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ असं हरवून पहिला विजय मिळवला. २०२५मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला आशिया चषकात कांस्यपदक घेऊन आल्या. त्यांचा हंगाम सूर्य ठरवतो, त्याच्यापुढे कुणाचं काय चालणार? आमचं मैदान बारा महिने विरघळत नाही. इथला हंगाम माणसं ठरवतात, आणि माणसांशी भांडता येतं.

म्हणून भांडायला सुरुवात केली आहे. मागच्या आठवड्यात दोन कॉलेजांच्या प्राचार्यांना भेटले. एकानं चहा पाजला आणि "बघू" म्हणाले. दुसऱ्यांनी कागद मागितला, तेव्हा वेळापत्रक लिहूनच नेऊन दिलं: सहा कॉलेजं, दहा शनिवार, जुलै ते ऑक्टोबर, पोळा-गणपती-नवरात्र वगळून. चोपड्याच्या भाचीला तिकडच्या कॉलेजात विचारायला सांगितलं आहे. अमळनेर, शहाद्याकडचं कुणी हे वाचत असेल तर कृपा करून मला फोन करा.

कॉलेजं ठरवतील तेव्हा ठरवतील. शेजारच्या पोरीनं रविवारपासून सकाळी साडेसहाला सराव सुरू केला आहे, आमच्या घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर. परवापर्यंत नऊजणी झाल्या, अजून तीन हव्यात. माती फार कडक आहे, आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवावं लागतं, ते काम माझ्याकडे आहे.