साठ की आठ?

या पानावर मी एरवी शब्दांच्या खोड्या सांगत असतो. यंदा एका शब्दाने माझीच खोड मोडली. दिवाळीच्या निमित्ताने तीही वाचकांपुढे ठेवायला हरकत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही वाटूरला अक्काकडे गेलो होतो. जालन्याहून मंठ्याकडे जाताना वाटूर फाटा लागतो, तिथे भाचा न्यायला आला होता. घरी पोचलो तर गच्चीवर एक उंच लोखंडी नळ उभा केलेला आणि त्याच्या टोकापासून दोन तारा दोन्ही अंगांना उतरत्या ताणलेल्या. कपडे वाळत घालण्याची ही सोय जरा उंचच झाली, असे मी म्हटले. "मामा, ती एरियल आहे," भाचा म्हणाला.

भाच्याने सरकारी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मिळवला आहे. असे परवानेवाले लोक जगभर आहेत. आपल्या घरातूनच ते एकमेकांशी बोलतात. मधे ना टेलिफोनची तार, ना मोबाईलचा मनोरा. त्यावरून धंद्याची बोलणी करता येत नाहीत. मग करायचे काय, हा माझा प्रश्न दाजींनी परस्पर निकालात काढला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे गेली. "आमच्याकडे नुसती भांडी वाजली," दाजी म्हणाले, "पण तिकडे गावंच्या गावं झोपली. तेव्हा ही हौशी मंडळी आपापली यंत्रे घेऊन धावली होती." यावर मी गप्प बसलो.

मग भाच्याने मला वर नेले. परवाना नसलेल्या माणसाला असे हवेवर बोलता येत नाही. म्हणून त्याने एरियल काढली आणि तिच्या जागी एक डबा जोडला. प्रक्षेपकाची सगळी शक्ती हा डबा उष्णतेत जिरवतो, बाहेर जवळजवळ काही जात नाही. शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या रिसीव्हरवर मात्र आवाज ऐकू येतो आणि मोबाईलवर तो टिपून घेता येतो. "संकटाच्या वेळी द्यावा तसा निरोप सांगा," भाचा म्हणाला. वीस वर्षे शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात ध्वनिवर्धकावाचून शिकवणारा मी! मायक्रोफोन ओठांशी धरला आणि खणखणीत आवाजात सांगितले, "शाळेजवळच्या छावणीत साठ चादरी पाठवा."

खाली जाऊन भाच्याने ते अक्काला ऐकवले. अक्का कणीक मळत होती. "आठ चादरी पाठवा म्हणतोय कुणीतरी," ती म्हणाली. "घसा बसलाय बिचाऱ्याचा."

सख्ख्या बहिणीने आवाज ओळखला नाही याचे दुःख होतेच; पण बावन्न माणसे उघडी पडली, त्याचे काय?

यातला गुन्हेगार 'स' आहे. अशा रेडिओवर आवाजाच्या सगळ्या कंपनांना वाट मिळत नाही. सेकंदाला साधारण ३०० ते २७०० कंपनांपर्यंतचा एक अरुंद बोळ असतो, त्यातूनच बोलणे जाते. स्वर त्यातून सुखरूप पार होतात. 'स'चा सीत्कार मात्र बहुतेक ४००० च्या वर वसतो, त्यामुळे तो दारातच अडतो. उरतो त्याचा पुसट माग, आणि माझ्या ओरडण्याने तोही बुजला होता.

कारण यंत्राला आवाज फार मोठा झाला की ते आपण होऊन लगाम खेचते. लगाम किती खेचला ते सुईवर दिसते. मी बोलताना सुई टोकाला जाऊन चिकटली होती. त्याने शब्द चेपले गेले. आणि दोन शब्दांच्या फटीत लगाम सैल होताच डोक्यावरचा पंखा आणि खालची वासराची घंटा वर आली. त्याहून जास्त रेटले तर आवाज आपली जागा सोडून शेजारच्या लहरींवर सांडतो आणि तिथल्या माणसांना विनाकारण त्रास होतो. सांडपाणी दुसऱ्याच्या अंगणात सोडावे, तसेच हे.

भाच्याने मायक्रोफोनची खुंटी अर्ध्याहून खाली आणली. सर्वांत मोठ्या अक्षराला सुई जरा हलावी, इतपतच. वाघीण पिल्लाला दातांत धरते, ते रुतूही नये आणि सुटूही नये, हा पाणिनीय शिक्षेतला दाखला मी वर्गात दरवर्षी सांगतो. तो इतका जवळ लागू पडेल असे वाटले नव्हते. मायक्रोफोन तोंडासमोरून चार बोटे दूर, किंचित बाजूला. समोर धरला की भ, फ, ख, थ यांची फुंकर त्यात शिरते आणि प्रत्येक महाप्राणाला ढोल वाजतो. खर्जातला घुमारा त्याने कमी केला आणि वरच्या अंगाला थोडा उठाव दिला. हा घुमारा मला फार प्रिय. पण तो यंत्राची शक्ती खातो आणि अर्थात भर घालत नाही. पंखा बंद करावा लागला. मराठवाड्यात, मे महिन्यात, दुपारी दोन वाजता! विज्ञानासाठी घाम गाळणे म्हणजे काय ते कळले.

एक जुने दुखणे भाच्याने जाता जाता सांगितले. पूर्वी डब्यावर आवाज स्वच्छ यायचा आणि एरियल लावली की खरखरायचा. याचा अर्थ, बाहेर जाणाऱ्या लहरी मायक्रोफोनच्या तारेतून घरात परत शिरत होत्या. ती तार फेराइटच्या कड्यातून पाच-सात वेढे देऊन ओवली, तेव्हा खरखर थांबली.

एवढे करूनही तुटका 'स' पुरा जोडला जात नाही. त्यावर या मंडळींचा उपाय भाषेतला आहे. आकडा सांगायचा आणि पुन्हा एकेक अंक सुटा सांगायचा. शब्द अवघड असला तर 'स सशाचा', 'भ भटजीचा'. बालवाडीतली मुळाक्षरे इतक्या मोठ्या कामाची असतात हे एम.ए.ला कुणी शिकवले नव्हते.

घाम पुसत मी हळूच बोललो, "साठ चादरी. सहा, शून्य. साठ."

अक्काने ऐकले. "साठ," ती म्हणाली. "आणि हा तर आपला दादाच दिसतोय. पण एवढ्या चादरी कुणाकडे मागतोय तो?"