पानाचे पेटंट

पानाला फुलाचा मान मिळण्याचे हे दिवस आहेत. शहरातल्या कोणत्याही रोपवाटिकेत जा, गुलाब-मोगऱ्याच्या बरोबरीने कोलियस, क्रोटन, कॅलेडियम यांच्या कुंड्या मांडलेल्या दिसतील. फूल चार दिवसांत कोमेजते, पान मात्र महिनोन्महिने रंग देते, असा हा साधा हिशेब आहे. आता या रंगीत पानांचे नवे नवे वाण ठरवून तयार केले जातात. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाने कोलियसच्या पैदाशीचा स्वतंत्र कार्यक्रमच चालवला. तिथून बाहेर पडलेल्या वाणांना नाव असते, क्रमांक असतो आणि पेटंटही असते. अशा पेटंटच्या रोपाबरोबर एक चिठ्ठी येते. या रोपाची फांदी लावून दुसरे रोप करण्यास मनाई आहे, असे तीवर छापलेले असते.

कोलियसची फांदी लावण्यास मनाई! हे झाड ज्याने एकदा तरी घरी लावले असेल त्याला हसू आल्याशिवाय राहणार नाही. कोलियसचा शेंडा तोडून पाण्याच्या पेल्यात ठेवला की आठवड्या-दोन आठवड्यांत त्याला मुळे फुटतात. आपल्याकडे तर बागा वाढतात त्याच मुळी शेजाऱ्याच्या कुंपणावरून. ‘काकू, एक काडी द्या ना,’ एवढ्या भांडवलावर किती तरी अंगणे सजली आहेत. मनीप्लँट तर चोरून आणलेलाच चांगला वाढतो, असे आपल्याकडे बजावून सांगतात!

पण हसण्यावारी नेण्याइतका हा विषय सोपा नाही. नवा वाण करणाऱ्याचे कष्ट मी नाकारीत नाही. कोलियस मूळचा जावाकडचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो युरोपात गेला आणि तिथल्या बागवानांना त्याने वेड लावले. मात्र त्याच्या दोन खोडी होत्या. एक तर बहुतेक जुने वाण सावलीतले. कडक उन्हात त्यांचा रंग विटे, पाने करपत. दुसरे म्हणजे फुलांचा तुरा आला की झाडाची सगळी शक्ती तिकडे जाते आणि पाने निस्तेज होतात. उन्हात टिकणारा आणि फुलावर उशिरा येणारा कोलियस हवा, तर असंख्य रोपे बियांपासून वाढवायची, त्यांतली बहुतेक उपटून फेकायची, उरलेल्या मोजक्या रोपांवर वर्षानुवर्षे नजर ठेवायची आणि मग त्यांतले एखादे फांद्यांनी वाढवायचे. एवढा खटाटोप करणाऱ्याला चार पैसे आणि नाव मिळाले तर कोणाचे पोट दुखायचे कारण नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. नजर ठेवणाऱ्या सगळ्याच माणसांना हा न्याय मिळतो काय?

वनस्पतींना पेटंट देण्याचा कायदा अमेरिकेत 1930 साली झाला. 1931 साली पहिले पेटंट मिळाले ते ‘न्यू डॉन’ नावाच्या वेली गुलाबाला आणि ते मिळवणारा हेन्री बोसेनबर्ग हा न्यू जर्सीतला एक बागकाम करणारा माणूस होता. त्याने कोणताही संकर केलेला नव्हता. ‘डॉ. व्हॅन फ्लीट’ हा जुना गुलाब वर्षातून एकदाच बहरतो. त्याच्यातूनच निसर्गतः वेगळे निघालेले, पुन्हा पुन्हा फुलणारे झाड या माळ्याच्या नजरेने टिपले. त्याने ते ओळखले, वेगळे ठेवले, वाढवले आणि कागदावर आणले. पहिले पेटंट मिळाले ते अशा नजरेला.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावी दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे अल्पभूधारक शेतकरी होते. शाळा जेमतेम तिसरीपर्यंत. 1983 साली ‘पटेल 3’ या धानाच्या बांधीत त्यांना इतरांपेक्षा वेगळ्या, पिवळसर लोंब्यांची काही धाटे दिसली. त्यांनी त्या लोंब्या बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. त्यातून बारीक दाण्याचे, शिजल्यावर उत्तम लागणारे धान तयार झाले. त्या काळी एचएमटीचे घड्याळ हातात असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती, म्हणून त्या धानालाही ‘एचएमटी’ हेच नाव पडले. आज महाराष्ट्रात आणि बाहेरही तो तांदूळ घरोघरी शिजतो. खाणाऱ्यांपैकी किती जणांना नांदेड गाव ठाऊक असेल?

बोसेनबर्गने जे केले तेच दादाजींनी केले. उलट मी म्हणेन की अधिक केले, कारण बियांनी वाढणाऱ्या पिकात वेगळेपण पिढ्यानपिढ्या टिकवणे हे फांदी लावण्याइतके सोपे नसते. पण पुढे काय झाले? 1994 मध्ये सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रासाठी त्यांच्याकडून बियाणे नेले गेले आणि 1998 मध्ये कृषी विद्यापीठाचा वाण म्हणून ‘पीकेव्ही एचएमटी’ प्रसिद्ध झाला. आम्ही बियाण्याचे शुद्धीकरण केले, असे विद्यापीठाचे म्हणणे. शुद्धीकरणही काम आहे, हे कबूल. पण शुद्ध करायला आधी काही तरी असावे लागते ना! 2005 मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने दादाजींचा गौरव केला, वर्तमानपत्रांतून त्यांचे नाव झाले. नांदेड हिरा, विजय नांदेड, डीआरके असे आणखीही वाण त्यांनी दिले. 2018 साली ते गेले, तेव्हा घरची परिस्थिती ओढगस्तीचीच होती.

कोणी म्हणेल, कायदा नव्हता. खरे आहे. आपला वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा 2001 चा. त्याची अंमलबजावणी करणारे प्राधिकरण 2005 मध्ये आले. हा कायदा वाचून पाहिला तर समाधान वाटते. शोभेची झाडेही त्यात येतात. गुलाब, शेवंती, ऑर्किड यांच्या वाणांची नोंद करता येते. वाण इतरांहून वेगळा असला पाहिजे, त्याची सगळी झाडे एकसारखी असली पाहिजेत आणि पुढच्या पिढ्यांतही गुण टिकले पाहिजेत, या त्यातल्या मुख्य कसोट्या. शेतकऱ्याच्या वाणाला नोंदणीचे शुल्क नाही. शिवाय बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क शेतकऱ्याकडेच ठेवला आहे; संरक्षित वाणाचे बियाणे नाममुद्रा लावून विकायचे नाही, एवढेच बंधन. ‘फांदी लावू नका’ म्हणणाऱ्या चिठ्ठीपेक्षा मला हा विचार अधिक सुसंस्कृत वाटतो.

पण कायदा असला तरी दारापर्यंत कोणी जावे लागते. आमच्या माजरीचेच उदाहरण घ्या. इथे बाग म्हणजे कॉलनीतल्या क्वार्टरपुढची चार हात जागा. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, त्यात खाणीची धूळ. कोलियस इथे उन्हाळा काढत नाही. टिकतो तो क्रोटन, आणि त्याचाही रंग सकाळी पानांवर पाणी मारल्यानंतर तासभर काय दिसेल तेवढाच. आमच्या ओळीतल्या एका काकूंच्या क्रोटनला तीन वर्षांपूर्वी एक वेगळीच फांदी फुटली. मूळ झाड हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांचे; या फांदीची पाने अरुंद, शिरा गुलाबी, कडा जवळजवळ काळ्या. काकूंनी ती छाटून वेगळ्या कुंडीत लावली. मधूनमधून जुन्या रंगाचा कोंब फुटतो, तो त्या लगेच खुडतात, ‘नाही तर हाच माजतो’ म्हणून. नेमके हेच शास्त्र आहे. हिरव्या पानात हरितद्रव्य अधिक, म्हणून हिरवा कोंब जोमाने वाढतो आणि रंगीत भाग मागे पडतो. काकूंना ते कोणी शिकवले नाही. आज त्या क्रोटनच्या फांद्या कॉलनीतल्या आठ-दहा घरी आहेत. त्याला नाव नाही. कोणत्या वर्षी, कोणत्या झाडावर तो निघाला, हे कुठेही लिहिलेले नाही. जगात असा क्रोटन आधीपासून असेलही. क्रोटनच्या तऱ्हा शेकड्यांनी आहेत. पण तो नवा आहे की जुना, हे ताडून पाहायलाही आधी नोंद लागते.

इथे आपण कला शाखेचे विद्यार्थी येतो, असे माझे मत आहे. वनस्पतिशास्त्र हा आपला प्रांत नव्हे, हे आपण फार लवकर ठरवून टाकतो. बोसेनबर्ग आणि दादाजी यांच्यात नजरेचा फरक नव्हता. एकाच्या पाठीशी कायदा होता, वकील होता, लिहिलेला कागद होता. दुसऱ्याच्या हाती फक्त बियाणे होते आणि ते त्याने मागणाऱ्याला देऊन टाकले. ऐकणे, विचारणे, नीट शब्दांत उतरवणे हे तर आपल्या अभ्यासातले काम आहे. मराठी विभाग झाडीबोलीतल्या म्हणी गोळा करतो. त्याच फेरीत एखाद्या आजीला विचारावे की तुमच्या परसातले हे वांगे इतरांपेक्षा वेगळे कसे, कोणी आणले, किती वर्षे राखले.

माझी सूचना लहान आहे. आपल्या ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी. ज्याला गावात, शेतात, कुंडीत नेहमीपेक्षा निराळे झाड दिसेल त्याने त्यात तारीख, ठिकाण, मूळ झाड कोणते, वेगळेपण काय आणि ते प्रथम कोणाला दिसले हे लिहावे. राखणाऱ्याची संमती घेऊन त्याचे नावही लिहावे. जमल्यास फोटो चिकटवावा, एखादे पान दाबून लावावे. दर वर्षी पावसाळ्यानंतर जाऊन गुण टिकले का ते पुन्हा नोंदवावे. प्राध्यापकांपैकी कोणी खाली तारखेसह सही केली तर त्या नोंदीला वजन येईल. त्यातून एखादा वाण नोंदणीपर्यंत जाण्याजोगा निघाला, तर अर्ज भरायला मदत करणेही आपल्याला अशक्य नाही.

यावर एक आक्षेप मला आधीच ऐकू येतो. महाविद्यालयापुढच्या आळ्यातली झाडे आपण उन्हाळ्याच्या सुटीत वाळू देतो आणि वहीच्या गोष्टी करतो! आक्षेप रास्त आहे. पण झाडाला रोज पाणी लागते. वहीला वर्षातून चार-दोन पाने लिहिणारा माणूस मिळाला तरी पुरे. पहिली नोंद करायला मी तयार आहे. काकूंना विचारून ठेवले आहे, त्यांची हरकत नाही. फक्त झाडाला काय नाव द्यायचे ते त्यांच्या अजून मनात ठरत नाही.